गाडी थांबवायची कशी?

‘ही गाडी नाही, उंदीर आहे,’ असे म्हणून अब्बांनी खुर्ची खिडकीकडे फिरवली.

समोर टेबलावर माझ्या भाच्याची आगगाडी होती. भाचा नोकरीनिमित्त सात वर्षे जर्मनीत होता. परत येताना सगळे आणतात तशी चॉकलेटे आणि अत्तराच्या बाटल्या त्याने आणल्याच. पण एका खोक्यात कापसात गुंडाळलेले मालगाडीचे एक इंजिन आणि आठ वाघिणीही आणल्या. (वाघीण म्हणजे मालडबा. रेल्वेच्या गावात वाढलेल्यांना हा शब्द सांगावा लागत नाही.) गच्चीवरच्या खोलीत तीन मीटर लांबीचे टेबल ठोकून घेतले, त्यावर रूळ मांडले, एक स्टेशन बसवले, आणि एका रविवारी आजोबांना वर बोलावले.

‘खेळण्यातली गाडी’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर चावीची, गोल गोल फिरणारी गाडी येते. ही तशी नव्हे. पुण्यात कोथरूडला जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८पासून आहे, ते ज्यांनी पाहिले असेल त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. जर्मनीत तर हा नाद घराघरांत आहे. हॅम्बुर्गला ‘मिनिआटूर वुंडरलांड’ नावाचे मोठे प्रदर्शन २००१ साली सुरू झाले. तिथे हजाराहून अधिक छोट्या गाड्या संगणकाच्या हुकमावर धावतात. या गाड्या खऱ्या गाडीच्या बरोबर सत्त्याऐंशीव्या भागाएवढ्या असतात. युरोपात दोन रुळांमध्ये १४३५ मिलिमीटर अंतर असते. त्याला ८७ने भागा, साडेसोळा मिलिमीटर येतात. भाच्याच्या टेबलावर तेवढेच अंतर आहे. चाकांवरचे आरे, दारावरची शिडी, सगळे त्याच मापात.

अब्बांची तीस वर्षे कर्जत-लोणावळा घाटात गेली. आधी असिस्टंट, मग ड्रायव्हर. भोरघाटाचा चढ सदतिसास एक, म्हणजे ३७ मीटर पुढे गेले की गाडी एक मीटर वर जाते. आगगाडीच्या हिशेबाने ही भिंतच. म्हणून कर्जतला गाडीला जादा इंजिने लागतात, त्यांना बँकर म्हणतात. पण घाटातल्या माणसांना विचारा, ते सांगतील की चढणे इंजिनाचे काम आहे, उतरणे ड्रायव्हरचे. उतरताना आधी गाडी उभी करून ब्रेक तपासायचा, मग खाली सुटायचे. अब्बांच्या हातात आयुष्यभर जे होते ते गाडी चालवण्यापेक्षा गाडी थांबवण्याचे काम होते.

तर भाच्याने कंट्रोलरचे बटण फिरवले. इंजिनाने आठ वाघिणींना हिसका दिला आणि ते सुटले. पंखा लावावा तसे. बटण शून्यावर आणले, गाडी जागच्या जागी थबकली. मागच्या दोन वाघिणी रुळावरून उतरल्या. त्या नीट बसवून भाचा म्हणाला, ‘नाना, तुम्ही चालवा.’ अब्बांनी कंट्रोलर हातात घेतला, बटणाला हात लावला, इंजिन थरथरत पुढे गेले, थांबले, पुन्हा उसळले. अब्बांनी कंट्रोलर खाली ठेवला आणि ते वाक्य उच्चारले.

भाचा हिरमुसला. मला मात्र वाटले, अब्बांचे काही चुकले नाही. इतकी हुबेहूब बनवलेली वस्तू हलली की खोटी का दिसते?

मी बी.ए. झालेला माणूस, तेही मराठी घेऊन. विज्ञानाशी माझा संबंध शाळेतच संपला. पण कागद-पेन्सिल घेऊन बसलो. आधी वाटले, वजन कमी आहे म्हणून असे होत असेल. हिशेब केला तर उलटेच निघाले. लांबी, रुंदी, उंची तिन्ही ८७ने कमी झाल्या, तर शंभर टनांच्या इंजिनाचे वजन ८७ने तीनदा भागावे लागेल. उत्तर येते साधारण १५० ग्रॅम. भाच्याचे इंजिन स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले, ते भरले ४०० ग्रॅम. म्हणजे मापाप्रमाणे ते हलके नाही, चांगले जड आहे.

मग चुकते कुठे? वेगात. ताशी ८० किलोमीटरने धावणाऱ्या गाडीच्या अंगात किती जोर असतो? ती गाडी २५ मीटर उंचीवरून, म्हणजे आठ मजली इमारतीच्या गच्चीवरून खाली टाकल्यावर जेवढा असेल तेवढा. हा सगळा जोर ब्रेकला जिरवायचा असतो. छोट्या गाडीचा वेग ८७ने भागला की ती सेकंदाला पंचवीस सेंटिमीटर जाते, आणि तिच्या अंगातला जोर असतो तीन मिलिमीटरवरून पडल्याइतका. आठ मजल्यांच्या इमारतीचे ८७ भाग केले तर तीसएक सेंटिमीटर यायला हवेत. इथे उरतात फक्त तीन मिलिमीटर, कारण जोर वेगाच्या वर्गाने कमी होतो. शिवाय मोटारीच्या दांड्यावर मळसूत्र असते. ते दातेरी चाकाला फिरवते, पण चाक मळसूत्राला फिरवू शकत नाही. वीज गेली की सगळेच जखडले जाते. आकार लहान करता येतो, मापात वजनही बसवता येते. गाडीची ओढ मात्र लहान होताना हरवून जाते. ती कुठून तरी परत आणावी लागते.

ती आणण्याचे साधन त्या इंजिनाच्या पोटातच होते. भाच्याला ते माहीत होते, पण वापरावेसे वाटले नव्हते. तरुण माणसाला वेग दाखवायचा असतो.

पूर्वीच्या छोट्या रेल्वेत सरळ मामला असे. रुळांत जितकी वीज सोडाल तितक्या वेगाने गाडी धावणार. अडचण एवढीच, की त्याच रुळावर दोन इंजिने असली तर दोन्ही धावणार. १९८०च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीतल्या गीसेन गावच्या बेर्न्ड लेंझ यांनी यावर वेगळी तोड काढली. पुढे अमेरिकेतल्या छोट्या रेल्वेच्या हौशी लोकांच्या राष्ट्रीय संघटनेने (ती १९३५पासूनची आहे) लेंझ यांच्या पद्धतीच्या आधारे सर्वांसाठी खुली मानके तयार केली आणि १९९४ साली मान्य केली. तिला ‘डिजिटल कमांड कंट्रोल’ किंवा डीसीसी म्हणतात. मानके खुली, म्हणून एका कंपनीचे इंजिन दुसऱ्या कंपनीच्या कंट्रोलरवर चालते.

डीसीसीत रुळांत वीज कायम भरलेली असते, गाडी उभी असतानाही. ती वीज सारखी दिशा बदलत असते आणि त्या बदलण्यातच निरोप असतो. लवकर, ५८ मायक्रोसेकंदांनी दिशा बदलली तर ‘एक’, शंभर किंवा अधिक लागले तर ‘शून्य’. एक आणि शून्य यांच्या या माळेत आधी इंजिनाचा पत्ता, मग हुकूम. चाळीच्या चौकात उभा राहून पोस्टमन नावे पुकारतो, ऐकतात सगळे, पण ज्याचे नाव तोच खाली येतो; तसे. कारखान्यातून आलेल्या प्रत्येक इंजिनाचा पत्ता सहसा ३ असतो. इंजिनाच्या पोटात बोटाच्या पेराएवढा एक पट्टा असतो, त्याला डीकोडर म्हणतात. रुळावरचा निरोप तो ऐकतो, आणि मोटारीला किती वीज द्यायची ते ठरवतो.

आता मुद्द्याची गोष्ट. या डीकोडरला आठवण असते. तिच्यात क्रमांक घातलेले कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्यात एक आकडा. कप्प्याला म्हणतात सीव्ही. पहिल्या कप्प्यात पत्ता, दुसऱ्यात सुरुवातीची वीज, पाचव्यात सर्वांत मोठा वेग. तिसरा कप्पा वेग पकडण्याचा आणि चौथा थांबण्याचा. सीव्ही तीन आणि सीव्ही चार. आमची सगळी कथा या दोन कप्प्यांची आहे.

या दोन कप्प्यांत शून्य असेल तर बटण फिरवताच हुकूम अमलात येतो. भाच्याने तिथे शून्यच ठेवले होते. म्हणून तो उंदीर. शून्याऐवजी दुसरा आकडा लिहिला तर डीकोडर हुकूम ऐकतो, पण लगेच पाळत नाही. वेगाच्या पायऱ्या असतात, जुन्या पद्धतीत १४ किंवा २८, आता बहुधा १२६. डीकोडर एक पायरी चढतो, थांबतो, मग दुसरी. रेडिओवर आकडे सांगू नयेत असा मला सल्ला मिळाला होता, पण एक सांगतोच: कप्प्यातल्या आकड्याला ०.८९६ने गुणा, तेवढ्या सेकंदांत गाडी शून्यापासून पूर्ण वेगाला पोहोचते. सीव्ही तीनमध्ये २० लिहिले तर १८ सेकंद. ४० लिहिले तर ३६. सर्वांत मोठा आकडा २५५. तो लिहिला तर पावणेचार मिनिटांहून जास्त. थांबण्याचेही हेच गणित, सीव्ही चारमध्ये. हे मानकातले सूत्र झाले. काही कंपन्यांचा गुणक निराळा असतो, म्हणून पुस्तिका वाचावी. आपण ती वाचत नाही, खोक्याच्या तळाशी ठेवतो.

आकडे लिहिण्यासाठी रुळाचा एक वेगळा तुकडा ठेवतात. त्यावर वीज बेताचीच असते. इंजिन तिथे ठेवायचे, कंट्रोलरवर कप्प्याचा क्रमांक आणि आकडा दाबायचा. डीकोडरने आकडा घेतला की तो मोटारीला सहा सहस्रांश सेकंद विजेचा एक चिमटा देतो. त्यावरून कंट्रोलरला कळते की निरोप पोहोचला. आपल्याला इंजिन किंचित दचकलेले दिसते. खिडकीकडे तोंड करून बसलेल्या अब्बांनी ते तिरप्या नजरेने पाहिले असावे. म्हणाले, ‘मान हलवतंय का रे ते?’

त्या दिवशीचा एक घोटाळा सांगायला हवा. भाचा खाली चहा आणायला गेला आणि मी उत्साहाने कंट्रोलर हातात घेतला. सीव्ही तीनमध्ये ३० लिहायचे होते. मी लिहिले सीव्ही एकमध्ये. इंजिनाने मान हलवली. मग मुख्य रुळावर ठेवून ३ नंबरचे इंजिन सुरू करायला गेलो, ते ढिम्म. अर्थात! मी त्याचे नाव बदलले होते. ते आता ३० नंबरचे इंजिन झाले होते आणि ३ म्हणून हाक मारली तर कशाला ओ देईल? भाच्याने येऊन पहिला कप्पा वाचला तेव्हा उलगडा झाला. या वेगळ्या रुळावर एका वेळी एकच इंजिन ठेवायचे, हेही तेव्हाच समजले. इथे पत्ता विचारला जात नाही. जे रुळावर असेल ते सगळे नवा आकडा घेतात.

भाच्याने मग कामाला क्रम लावला. वेगाच्या तपासणीपुरते सीव्ही तीन आणि चार शून्यावरच ठेवले, कारण ते मध्ये आले तर काय मोजतो आहोत तेच कळत नाही. रूळ आणि चाके स्पिरिटने पुसली. गच्चीवरच्या धुळीने वीज तुटते, गाडी अडखळते आणि आपण उगाच आकड्यांना दोष देत बसतो. मग टेबलावर एक मीटर अंतर आखून घड्याळ लावले. इंजिन ते अंतर दीड सेकंदात गेले. गुणाकार केला तर खऱ्या गाडीच्या हिशेबाने ताशी दोनशेहून अधिक किलोमीटर! मालगाडीचे इंजिन! पाचव्या कप्प्यातला आकडा उतरवत उतरवत एका मीटरला चार सेकंदांवर आणला. तो झाला ताशी ७८. अब्बा खिडकीतूनच म्हणाले, ‘तरी पण जास्त आहे.’ पण खुर्ची अर्धी वळली होती.

आता सीव्ही चार. इथे मला एक अडचण दिसली, ती कोणत्याही पुस्तिकेत ठळक छापलेली नसते. भरलेली मालगाडी वेगात असेल तर थांबायला किलोमीटरभर अंतर घेऊ शकते. किलोमीटरचे ८७ भाग केले की साडेअकरा मीटर होतात. आमच्या टेबलावरचा अख्खा फेराच सात मीटरचा! खरे वागायचे ठरवले तर ब्रेक लावल्यावर गाडी स्टेशनातून एकदा निघून जाईल आणि दुसऱ्या फेरीत पुढे कुठे तरी थांबेल. म्हणजे इथे खोटे बोलावेच लागते. किती बोलायचे एवढेच आपल्या हातात. सीव्ही चारमध्ये ८ लिहिले तर आमच्या वेगाला गाडी सात सेकंदांत, नव्वद सेंटिमीटरमध्ये थांबते. २० लिहिले तर अठरा सेकंद आणि सव्वादोन मीटर. भाच्याला ८ पुरेसे वाटत होते. मला १२ बरे वाटले. गझल असो की वृत्त, यती कुठे यायचा ते ठरलेले असते. ओळ मध्येच तोडली की ऐकणाऱ्याच्या कानाला ठेच लागते. पण माझे मत इथे कोणी विचारले नव्हते.

‘चोवीस कर,’ अब्बा म्हणाले. ते कधी उठून टेबलाशी आले होते ते आम्हाला कळले नव्हते. ‘आणि ते दुसरं, सुटायचं, ते चाळीस. लोड गाडी आहे ना?’

चोवीस आणि चाळीस लिहिले. इंजिनाने दोनदा मान हलवली. भाच्याने बटण पूर्ण फिरवले आणि पहिल्यांदा त्या खोलीत काहीतरी जड हलले. आठ वाघिणी एकेक करून ताणल्या गेल्या, खट खट खट असा आवाज पुढून मागे सरकत गेला. छत्तीस सेकंद. तोपर्यंत कोणी बोलले नाही.

भाच्याने अब्बांना पुन्हा कंट्रोलर दिला. आता मला तेव्हा न दिसलेली गोष्ट दिसली. अब्बांचा उजवा हात गेली तीन वर्षे कापतो. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरतात, सही करायची वेळ आली की विषय बदलतात. पहिल्यांदा इंजिन थरथरत पुढे गेले होते ते त्यांच्या हाताबरोबर. सीव्ही तीन आणि चार शून्य असताना बटणाची प्रत्येक थरथर चाकापर्यंत पोहोचत होती. ‘उंदीर’ कशाला म्हणाले होते, ते मला आत्ता कळत होते.

या वेळी इंजिन कापले नाही. कारण साधे आहे. चाळीसचा आकडा आणि १२६ पायऱ्या म्हणजे एका पायरीला पाव सेकंदाहून जास्त वेळ. हात सेकंदात चार-पाच वेळा कापतो. बटण वर जाऊन खाली येईपर्यंत डीकोडरची एक पायरीसुद्धा पुरी होत नाही. हात कापत राहिला आणि गाडी सरळ गेली. भाचा माझ्याकडे पाहू लागला, मी छपराकडे.

दोन फेऱ्या झाल्यावर अब्बांनी गाडी थांबवली. चुकली. स्टेशन ओलांडून फलाटाच्या बाहेर गेली. त्यांना राग आला नाही. खिशातले चष्म्याचे घर काढले, रुळाच्या कडेला ठेवले आणि म्हणाले, ‘इथून.’ घाटात प्रत्येक ड्रायव्हरच्या खुणा असतात, एखादे झाड, एखादी मोरी. खूण आली की ब्रेक. पुढच्या फेरीला त्यांनी स्टेशनाच्या बऱ्याच आधी वेग अर्ध्यावर आणला आणि खुणेला बटण शून्य केले. गाडी तीन विती पुढे जाऊन फलाटावर उभी राहिली. पूर्ण वेगाला जिथे दोन मीटर सत्तर सेंटिमीटर लागतात तिथे अर्ध्या वेगाला अर्धे नाही, चौथाईच अंतर लागते, सदुसष्ट सेंटिमीटर; कारण वेळही अर्धा आणि वेगही अर्धा. मी हे कागदावर दहा मिनिटे सोडवले. अब्बांनी कागद मागितला नाही.

पण त्यांचे समाधान झाले नव्हते. ‘शेवटाला धक्का देते,’ म्हणाले. आम्हाला दिसत नव्हते. त्यांनी शेवटच्या वाघिणीवर पाण्याने काठोकाठ भरलेले बाटलीचे टोपण ठेवायला लावले. गाडी थांबली आणि पाणी सांडले. ‘खरी गाडी थांबताना ब्रेक थोडा सोडायचा असतो. दाबून थांबवली तर पॅसेंजर पडतो.’ भाच्याने सीव्ही चार वाढवला. तिशीला नेला, चाळिशीला नेला. गाडी लांब जाऊन थांबू लागली, पण पाणी सांडायचेच.

दोष सीव्ही चारचा नव्हताच. दुसऱ्या कप्प्याचा होता. सीव्ही दोनमध्ये सुरुवातीची वीज असते, म्हणजे पहिल्या पायरीला मोटारीला किती वीज द्यायची ते. ती जास्त असल्यामुळे पहिल्या पायरीलाच इंजिन सेकंदाला तीन सेंटिमीटर चालत होते. खऱ्या हिशेबाने ताशी नऊ किलोमीटर. ब्रेक कितीही सावकाश लावा, शेवटच्या पायरीवरून खाली उतरताना गाडी ताशी नऊवरून एकदम शून्यावर येणार. जिन्याची शेवटची पायरीच उंच असेल तर वरच्या पायऱ्या कितीही ठेंगण्या केल्या तरी पाय आपटायचाच. भाच्याने सीव्ही दोन इतका उतरवला की पहिल्या पायरीला इंजिन सरकते आहे की नाही ते रुळाजवळ डोळा नेऊन पाहावे लागे. सीव्ही चार परत चोवीसवर आणला. पाणी हलले, सांडले नाही.

चांगले डीकोडर इतक्या कमी वेगातही इंजिन बंद पडू देत नाहीत. ते क्षणभर मोटारीची वीज काढतात, फिरणारी मोटार स्वतः किती वीज निर्माण करते ते मोजतात, आणि त्यावरून तिचा खरा वेग ओळखून कमी-जास्त करतात. सेकंदात अनेकदा. नव्या आवाजाच्या डीकोडरांत तर ब्रेकची वेगळी कळ असते. बटण शून्यावर आणले तर गाडी आपल्या ओढीने वाहत राहते आणि कळ दाबली तरच ब्रेक लागतो. खऱ्या इंजिनाला हे अधिक जवळचे. डबे जोडण्या-तोडण्यासाठी ही सगळी ओढ तात्पुरती काढून टाकणारी कळही पुष्कळांत असते. आणि प्रत्येक कंट्रोलरवर संकटकाळची कळ असतेच. ती दाबली की सीव्ही चारला कोणी विचारत नाही, गाडी जागीच उभी. अब्बा तिला हात लावत नाहीत. साखळी ओढणाऱ्या प्रवाशांबद्दल त्यांचे जे मत होते तेच या कळेबद्दल आहे.

ज्यांची गाडी संगणक चालवतो त्यांना मात्र मोठे आकडे चालत नाहीत. तिथे कुठे ब्रेक लावायचा ते संगणक मोजून ठरवतो. त्यात डीकोडर आपली ओढ मिसळू लागला तर दोघांचा हिशेब चुकतो. म्हणून अशा ठिकाणी दोन्ही कप्प्यांत अगदी छोटे आकडे ठेवतात.

या दिवाळीत भाच्याने दुसरे इंजिन मागवले. वेगळ्या कंपनीचे. अब्बांना बँकर हवा होता, टेबलावर चढ नसताना! दोन इंजिने एका पत्त्याखाली जोडता येतात, त्यासाठी एकोणिसावा कप्पा आहे. जोडली आणि गाडी सुटताना मधल्या वाघिणी वर उचलल्या गेल्या. पुढचे इंजिन छत्तीस सेकंदांत वेग घेत होते, मागचे बारा. मागचे ढकलायचे, पुढचे अडवायचे. अब्बा हसले. त्यांच्या वेळी पुढच्या आणि मागच्या ड्रायव्हरने एकमेकांच्या शिट्टीवरून हा मेळ बसवायचा असे, आणि एखादा नवखा बँकरवर आला की डब्यांतल्या प्रवाशांनाही ते समजायचे. मेळ बसवण्याचे काम इथे आकड्यांवर आले. नुसते तेच आकडे लिहून भागले नाही, कारण दुसऱ्या कंपनीचा गुणक वेगळा होता. दोन्ही इंजिने सुटी करून, घड्याळ लावून, सेकंद जुळवावे लागले. जोडीने चालताना तेवढ्यापुरती भर किंवा वजाबाकी करण्यासाठी तेविसावा आणि चोविसावा असे दोन कप्पे राखलेले आहेत, ते तेव्हा उपयोगी पडले.

आता रविवारी दुपारी अब्बा स्वतःच जिना चढतात. भाच्याला ‘बाजूला हो’ म्हणतात, कंट्रोलर घेतात, सोळा वाघिणी आणि दोन इंजिने. गाडी लांब झाल्यामुळे मागच्या आठवड्यात त्यांनी भाच्याला सीव्ही चार तिसावर न्यायला सांगितला. आकडा लिहिला गेला, दोन्ही इंजिनांनी आळीपाळीने मान हलवली, आणि अब्बांनी कापत्या हाताने चष्म्याचे घर उचलून रुळाच्या कडेने एक वीत मागे ठेवले.